आरटीईत नंबर लागला, पण नववीचं काय?

प्रश्न : आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्यातल्या मोफत प्रवेशाच्या) सोडतीत मुलीचा पहिलीसाठी इंग्रजी शाळेत नंबर लागलाय. घराजवळ मनपाची मराठी शाळाही आहे. शेजारी म्हणतात, सरकार ही योजना बंद करणार. आम्ही दोघं कंपनीत कंत्राटी कामाला आहोत, इंग्रजी येत नाही. काय करावं? – एक आई, सातपूर

उत्तर : ताई, योजना बंद होण्याची भीती आधी मनातून काढा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांना खासगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के जागांवर दिलेला हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला होता : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला यातून सूट. पालक कोर्टात गेले आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला.

खरा प्रश्न नववीचा आहे. मोफत शिक्षण आठवीपर्यंतच. पुढे पूर्ण फी, नाहीतर दहावी तोंडावर आलेली असताना शाळा बदलायची. शिवाय आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा असते. तिच्यात निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण ती सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच. विनाअनुदानित शाळेतल्या आरटीईच्या मुलांना ती देता येत नाही. गरजू घरातलीच ही मुलं, आणि प्रवेशाच्या वेळी हे त्यांच्या पालकांना कुणी सांगत नाही, याचं फार वाईट वाटतं.

म्हणून एक दिवस सुट्टी टाका. मनपा शाळेत तिसरीच्या वर्गात जा, एखाद्या मुलाला धड्याचं पान वाचायला सांगा. अडखळला तरी चालेल. वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगतो का, ते बघा. वरच्या वर्गांत सेमी इंग्रजी आहे का, विचारा. इंग्रजी शाळेत नववीची आजची फी आणि बस-सहलीचा खर्च लिहून मागा. गृहपाठ अडला तर शाळेत कोण बघतं, हेही विचारा.

तिसरीची मुलं समजून वाचत असतील, तर माझं मत मनपा शाळेला. घरात मुलीचा अभ्यास तुम्हाला कळेल, विचारता येईल. वाचन कच्चं असेल, तर आरटीईची जागा सोडू नका आणि नववीच्या फीसाठी आतापासून पोस्टात आरडी काढा. दोन्ही शाळा बघून होईपर्यंत कागदपत्रांच्या पडताळणीची तारीख मात्र चुकवू नका.