शब्बाथची तयारी: वाचकांचे प्रश्न

शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी तारे दिसल्यावर सुटतो. त्या वेळात विस्तव पेटवणं, शिजवणं, चिरणं-निवडणं, दिवे चालू-बंद करणं बंद. त्यामुळे या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं शुक्रवारविषयीच आहेत.

ठाणे : नोकरी सांभाळून शब्बाथ पाळायला सुरुवात केली आहे. दर शुक्रवारी शेवटच्या अर्ध्या तासात धांदल उडते. वेळ कसा लावायचा?

मोजणी सूर्यास्तापासून उलटी करा. दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावायचे असतात (यरुशलेममध्ये ४० मिनिटं आधी). मुंबई-ठाण्यात सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास होतो आणि जुलैच्या सुरुवातीला सात वीसच्या आसपास. म्हणजे हिवाळ्यात तुमच्या हातात सव्वा तास कमी असतो. उन्हाळ्यात बसवलेलं वेळापत्रक नोव्हेंबरात कोलमडतं ते याचमुळे. कॅलेंडरवर त्या आठवड्याची वेळ बुधवारीच बघून ठेवा.

बाजारहाट आणि कडधान्य भिजवणं गुरुवारी. मटण गुरुवारी रात्रीच शिजवून ठेवलंत तर शुक्रवारी निम्मा भार उतरतो. शेवटचा एक तास स्वयंपाकाला धरूच नका, तो अंघोळी, ताटं मांडणं आणि बारीकसारीक गोष्टींचा: फ्रिजचा बल्ब काढणं किंवा त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावणं, खिसे रिकामे करणं, कुठला दिवा चालू राहणार ते ठरवणं. धांदल होते ती सहसा या बारीक गोष्टींमुळेच, स्वयंपाकामुळे नव्हे. आणि दिवे लावले की बाईंचा शब्बाथ सुरू झाला. “दिवे लावते आणि मग गॅस बघते” हा क्रम चालत नाही.

अलिबाग : शनिवारी दुपारी गरम जेवण हवं असतं. गॅसवर पातेलं ठेवून दिलं तर तळाला लागतं, नाहीतर रस्सा नासतो. काय चुकतं?

आधी नियम. शब्बाथला शिजवायचं नाही, पण आधीच शिजलेलं झाकलेल्या विस्तवावर गरम राहू द्यायला हरकत नाही. त्यासाठी बर्नर आणि त्याची बटणं दोन्ही झाकली जातील असा जाड पत्रा शेगडीवर टाकतात. इस्राएलमध्ये बटण नसलेली विजेची तवी, ‘प्लाता’, वापरतात. आपल्याकडेही विजेचीच तवी घ्या असं सुचवेन. पत्र्याखाली ज्योत दिसत नाही, ती वाऱ्याने विझली तर गॅस सुटत राहतो. वास आला तर शब्बाथ आहे म्हणून थांबायचं नाही, गॅस बंद करायचा आणि खिडक्या उघडायच्या. जिवाला धोका असेल तिथे शब्बाथ बाजूला ठेवावाच लागतो.

आता पातेलं. सहा माणसांना हाडासकट अर्धा किलो मटण, पाव किलो काबुली चणे (गुरुवारी रात्री भिजवलेले), दोन मुठी जव, चार बटाटे आणि कवचासकट धुतलेली सहा अंडी. अंडी रात्रभरात तपकिरी होतात आणि खायला फार छान लागतात. हे सगळं शुक्रवारी दुपारी नेहमीच्या आचेवर पूर्ण शिजवा आणि जिन्नसांच्या वर दोन बोटं पाणी राहील असं बघा. तुमचं तळाला लागतं ते बहुधा पाणी कमी पडल्याने. शनिवारी सकाळी गार पाणी ओतून ती चूक सुधारता येत नाही, कारण ते पाणी तापणं म्हणजे शिजवणंच. झाकण घट्ट हवं. पातेलं विस्तवावर असताना चारही बाजूंनी चादरीत गुंडाळणंही चालत नाही.

चण्यांऐवजी राजमा घालायचा असेल तर तो भिजवल्यावर पाणी टाकून द्या आणि नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळा. कच्च्या राजम्यातलं विष मंद आचेने जात नाही आणि पोट फार वाईट बिघडतं.

नासण्याचं कारण जवळजवळ नक्की नारळाचं दूध. आपल्याकडे मांसाबरोबर दूध-दही चालत नाही म्हणून रश्शाला नारळाचं दूध, पण ते रात्रभरच्या उष्णतेत फाटतं. तो रस्सा शुक्रवारी रात्री संपवा. शनिवारच्या पातेल्यात नारळ नको. आणि पातेलं वाफाळतंच राहिलं पाहिजे, ६० अंशांच्या खाली कोमट होऊन तासन्‌तास राहिलेलं मटण खाऊ नका.

शनिवारी फ्रिजमधला गार रस्सा तवीवर ठेवून तापवणं आपल्या रिवाजात बसत नाही. पूर्ण शिजलेलं सुकं, जसं भाजलेले बटाटे, तवीवर ठेवायला बहुतेक ठिकाणी परवानगी आहे.

पेण : किद्दुशसाठी (शब्बाथच्या जेवणाआधी पेला हातात घेऊन म्हणायची प्रार्थना) मनुकांचं सरबत घरीच करतो. कधी अगदी पांचट होतं. प्रमाण सांगाल?

पाव किलो काळ्या मनुकांना पाऊण लिटर पाणी. नियमाने मनुका पाण्याच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त हव्यात, पण तेवढ्याने चव येत नाही. मनुका दाबल्यावर आतून ओल सुटली पाहिजे, खडखडीत वाळलेल्या कामाच्या नाहीत. दुकानातल्या मनुकांना तेल लावलेलं असतं, म्हणून कोमट पाण्याने दोनदा धुवा. गुरुवारी रात्री भिजत घाला, शुक्रवारी सकाळी त्याच पाण्यात हाताने कुस्करा, मंद आचेवर पंधरा मिनिटं ठेवा, गार झाल्यावर फडक्यातून पिळून घ्या. पांचट होतं ते न कुस्करता नुसतं गाळल्याने. गाळायचं काम शुक्रवारीच उरका, शब्बाथला गाळणं वर्ज्य आहे. पेल्यात निदान ८६ मिलिलिटर मावायला हवं. एवढं सरबत रात्रीच्या आणि दुपारच्या किद्दुशला पुरून हब्दालालाही (शब्बाथ सुटतानाच्या प्रार्थनेलाही) उरतं.

रेवदंडा : मेणबत्तीऐवजी जुना पेल्यातला तेलाचा दिवा लावला तर?

अवश्य लावा. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ‘शनवार तेल्यां’च्या (कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना हेच नाव पडलं होतं) घरात तोच शोभतो. खाली पाणी, वर खोबरेल, त्यात वात. तेल संपलं की ज्योत पाण्याला टेकून विझते आणि पेला तडकत नाही. थंडीत खोबरेल गोठतं, म्हणून आधी पातळ करून घ्या. किती तेल किती तास जळतं ते आदल्या एखाद्या दिवशी जाळून बघा, जेवण होईपर्यंत दिवा राहायला हवा. एकदा लावल्यावर तेल घालणं, वात सारणं, पेला हलवणं काहीच करायचं नाही.

अश्दोद (इस्राएल) : एका वृद्ध, धार्मिक आजींची देखभाल करते. शुक्रवारी मी काय करून ठेवावं?

गरम पाण्याचं भांडं भरून सूर्यास्ताआधी उकळी येऊ द्या. चहाचा अर्क काढून ठेवा. शब्बाथला चहा करताना भांड्यातलं पाणी आधी एका कोरड्या पेल्यात, मग दुसऱ्यात, मग त्यात अर्क. स्वच्छतागृहातले कागद फाडून ठेवा, गोळ्या वेळेप्रमाणे डबीत भरा, कानाच्या यंत्रात नवी बॅटरी घाला, एसीला टायमर लावा. शब्बाथला असं काम थेट सांगायचं नसतं, म्हणून आजी “दिवा लाव” असं म्हणणार नाहीत, “काय अंधार आहे गं” एवढंच म्हणतील. दुखणं असेल तर मात्र त्या सरळ सांगू शकतात. आणि छातीत दुखलं, पडल्या, तर कुणाला न विचारता फोन उचला.

ठाणे : सण गुरुवार-शुक्रवार आला तर शब्बाथचा स्वयंपाक कधी?

शुक्रवारीच, पण त्यासाठी बुधवारी सूर्यास्ताआधी ‘एरुव तवशिलीन’ ठेवावं लागतं: एक पाव आणि एक शिजलेला पदार्थ, बहुधा कवचासकट उकडलेलं अंडं, त्यावर बराखा (आशीर्वचन) म्हणून. सणाला नवा विस्तव पेटवता येत नाही, आधीच्या ज्योतीवरून घेता येतो, म्हणून दोन दिवस टिकणारी एक मेणबत्ती बुधवारीच लावा. शब्बाथचा सगळा स्वयंपाक होईपर्यंत ते अंडं शिल्लक राहिलं पाहिजे. मुलांच्या हाती लागलं तर पुढचं शिजवणं अडतं, तेव्हा बुधवारीच त्यावर चिठ्ठी लावून फ्रिजमध्ये मागे ठेवा.