दुभतीतला 'भ' कुठून आला?

खानापूरकडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: म्हैस 'दुधारू' म्हणायची की 'दुभती'? आणि दुभती म्हणजे 'दोन्ही वेळा दूध देणारी', असं गावात सांगतात ते खरं का?

खरं नाही. त्या 'दु'चा दोनाशी काडीचाही संबंध नाही. आणि 'दुधारू' हा हिंदीतला पाहुणा, कर्जाच्या जाहिरातींतून आपल्या गोठ्यात शिरलेला. बेळगाव भागात कानडी शेतकरी 'हैनु' म्हणतो, मराठी शेतकरी 'दुभतं' म्हणतो. पाडव्याला म्हशी सजवून पळवणाऱ्या गवळ्याच्या तोंडी 'दुधारू' ऐकलाय कुणी? 'दुधाळ' म्हणा हवं तर, तो आपला आहे.

धातू 'दुह्', म्हणजे धार काढणं. दोहन, दोग्धा वगैरे सगळ्यांना ठाऊक, ते सोडतो. खरी मजा 'दूधदुभतं' या जोडशब्दात आहे. 'दूध' आलं 'दुग्ध'वरून, म्हणजे मुळात 'काढून झालेलं'. 'दुभतं' मात्र वर्तमानातलं, धार अजून चरवीत पडतेय. एकाच धातूचा भूतकाळ आणि वर्तमानकाळ आपण एका दमात बोलून मोकळे होतो!

पण दुह्मध्ये 'भ' कुठाय? 'दुह्यते'चं (म्हणजे 'दुहलं जातं') प्राकृतात सरळ चालीनं 'दुज्झइ' होतं. प्राकृताचा व्याकरणकार हेमचंद्र (१०८८–११७२) मात्र आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात दुह्, लिह्, वह्, रुध् या चौघांना कर्मणीत विकल्पानं 'ब्भ' देतो: दुब्भइ, लिब्भइ, वुब्भइ, रुब्भइ. या दुब्भइचंच आपलं 'दुभणं'. हेमचंद्रानं नियम दिला, कारण दिलं नाही. माझं मत असं, की हा 'भ' 'लभ्'च्या 'लब्भइ'कडून उसना आणलेला आहे. ज्याचं आपलं 'लाभणं' झालं, तेच ते. म्हैस दुभली की घराला लाभलीच. अर्थानंही दोघं शेजारी. ज्यांना हे पटत नाही त्यांनी रुध्मधल्या 'ध'चा 'भ' नुसत्या उच्चाराच्या नियमांनी करून दाखवावा. 'ध'चा 'मा' करणं त्यापेक्षा सोपं होतं.

याच धातूवर 'दुहिता', म्हणजे मुलगी, हा शब्द लादणारे विद्वान तर डोकंच उठवतात. 'गाई दोहणारी ती दुहिता' हे पाठ्यपुस्तकी काव्य वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या प्राचीन यास्काच्या नावावर खपवतात. यास्कानं आपल्या 'निरुक्त' या ग्रंथात तीन पर्याय दिलेत: दुर्हिता (जिचं हित साधणं कठीण), दूरे हिता (दूर असली की हिताची), नाहीतर दुह्वरून. त्या तिसऱ्यातही टीकाकारांना गाय दिसत नाही, बापाकडून धन दुहून नेणारी लेक दिसते! एका शब्दाला तीन व्युत्पत्त्या देणारा माणूस एकीवरही ठाम नसतो, एवढं तरी ओळखावं. शिवाय ग्रीकमध्ये 'थुगातेर' हा याच शब्दाचा भाऊबंद बसलाय. म्हणजे शब्द संस्कृताहून जुना. त्याला संस्कृत धातूच्या दाव्याला बांधायचा हट्ट कशाला? चोर्ल्याचा घाट उतरलात की कोकणीत मुलीला 'धूव' म्हणतात. ती प्राकृतातली 'धूआ', दुहितेचीच वंशज, आणि तिला कुणी धारा काढायला बसवत नाही.