आधी उपमा जमवा

तुम्ही पाठवलेली कविता वाचली. सहा ओळींत चंद्र, कमळ, मोती सगळेच हजर! माझ्याही पहिल्या वहीत हीच गर्दी होती, घाबरू नका.

'चंद्रासारखा चेहरा' वाचून डोळ्यांपुढे काहीच येत नाही. उपमेत ज्याच्याशी तुलना करतो ते उपमान, इथे चंद्र, वापरून वापरून गुळगुळीत झालंय. पण तुमच्या चौथ्या ओळीतली 'आजीची बोटं सुंठीसारखी' इथे मी थांबलो. पेरं, सुरकुत्या, कोरडेपणा, शिवाय आजीचा तिखटपणाही दिसला. अशीच घरातली उपमानं शोधा.

- एका कडव्यात एकच उपमा.
- 'आजीची बोटं म्हणजे सुंठच' केलंत की रूपक, म्हणजे 'सारखी' जाऊन दोन्ही एकच. जोर वाढतो, पण कधी हसूही येतं. मोठ्याने वाचून बघा.
- अनुप्रासासाठी, म्हणजे तेच अक्षर पुन्हा पुन्हा आणण्यासाठी, शब्दकोश उघडावा लागला तर सोडून द्या.

श्लेष (एका शब्दाचे दोन अर्थ), व्याजस्तुती (स्तुतीआडून निंदा किंवा उलट) वगैरे सध्या राहू द्या.