पॅनचं पेन, पेनचं पिन

"मॅडम, एबीसीडी तिला नर्सरीत असल्यापासून पाठ आहे. मग तीन अक्षरांचा साधा शब्द वाचता का येत नाही?" इंग्रजी माध्यमात पहिली-दुसरीला मूल असलेले आईबाबा हा प्रश्न घेऊन येतातच. पाठोपाठ जरा दबक्या आवाजात दुसरा येतो, "डिस्लेक्सिया (वाचनातली अध्ययन अक्षमता) तर नसेल ना?" आणि निघता निघता तिसरा, "घरात मराठी बोलणं बंद करू का?"

ओवीच्या आईने (नाव बदललं आहे) तिन्ही प्रश्न एका दमात विचारले. ओवी सात वर्षांची, दुसरीत. बाईंनी वहीत शेरा दिला होता, वाचनाचा सराव घ्या. सराव चालूच होता, रोज रात्री जेवण झाल्यावर, रडारड होईपर्यंत. ओवी पॅनला पेन वाचायची आणि पेनला पिन. शेजारी चित्र असलं की सगळं बरोबर, चित्रावर हात ठेवला की अंदाजपंचे.

अशा वेळी मी आधी कानांची चौकशी करते. सतत सर्दी असणाऱ्या, कान फुटणाऱ्या मुलांना जवळजवळचे स्वर अनेकदा नीट ऐकूच येत नाहीत आणि आपण मात्र त्यांना सराव देत बसतो. ओवीचे कान डॉक्टरांनी तपासले होते, ठीक होते. मग तिचं मराठीचं पुस्तक उघडलं. काना, वेलांटी, मात्रा सगळं तिने हळू पण बरोबर वाचलं. म्हणजे अडत होतं ते इंग्रजीपुरतं.

त्यानंतर मी वाचन बाजूला ठेवून तिला लिहायला दिलं. मूल कुठे अडलंय ते लिहिण्यात जास्त उघड दिसतं. मी म्हटलं, 'बॅट' लिही. तिने शब्द ओठांतल्या ओठांत दोनदा घोळवला आणि लिहिलं: बी, वाय, ए, टी. आईने कपाळाला हात लावला. मला मात्र तो कागद जपून ठेवावासा वाटला. ओवीचे आजोबा तिच्याशी गच्चीवर क्रिकेट खेळतात आणि 'ब्याट नीट धर' म्हणतात. माझा शब्द तिने आजोबांच्या उच्चारात स्वतःशी म्हटला आणि जे ऐकू आलं ते इमानेइतबारे उतरवलं. त्यातला य जिला वेगळा काढता येतो, तिच्या कानाबद्दल मला काळजी नाही, असं मी आईला सांगितलं.

गडबड होती ती अक्षरांच्या नावांत. इंग्रजीतल्या पहिल्या अक्षराचं नाव 'ए', पण छोट्या शब्दांत त्याचा आवाज 'ॲ'. पाचव्या अक्षराचं नाव 'ई', आवाज मात्र 'ए'. आणि 'इ' हा आवाज ज्या अक्षराचा, त्याचं नाव 'आय'! नावं पाठ असलेलं मूल वाचताना नावाचाच आवाज काढतं आणि एकेक घर घसरतं. पॅनचं पेन होतं, पेनचं पिन. हा निष्काळजीपणा नाही. उलट, जे शिकवलं तेच ती प्रामाणिकपणे वापरत होती.

दुसरी अडचण मराठी घरातल्या मुलांची खास आहे. आपल्या 'ब'मध्ये 'अ' मुरलेला असतो. शाळेत सुटे आवाज शिकवतात तेव्हा ही मुलं 'ब, ॲ, ट' असं तीन भरघोस अक्षरांत म्हणतात, आणि त्यांचं काही केल्या 'बॅट' होत नाही. व्यंजनाचा पाय मोडून ब्, ट् म्हणायला शिकवता येतं, पण त्याला वेळ लागतो. तोवर मी बाराखडीचा रस्ता धरते. मूल अक्षर आणि स्वर एकत्र उचलायला आधीच सरावलेलं असतं, तर तसंच उचलू द्यावं: बॅ, बे, बि, बॉ, ब. पुढे फक्त 'ग' जोडायचा. बॅग, बेग, बिग, बॉग, बग, पाचही खरे इंग्रजी शब्द. 'ट' जोडला तरी पाच होतात. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेत ॲ आणि ऑ स्वर म्हणून आहेतच, मग बाराखडीत कॅ-कॉ म्हणायला संकोच कशाला? काही फोनिक्सवाल्या, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचन शिकवणाऱ्या, बाईंना ही पद्धत पटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना ती पटते.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर साफ 'नाही'. ज्या भाषेच्या आधाराने मूल वाचायला लागलंय, तीच काढून घ्यायची कशाला?

पुढच्या भेटीला आजोबाही आले. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "मी ब्याट म्हणायचं नाही का आता?" मी म्हटलं, "आजोबा, खुशाल म्हणा. फक्त रोज दहा मिनिटं ओवीचे विद्यार्थी व्हा." मग दोघांना हनुवटीखाली तळहात धरायला लावला आणि सावकाश म्हणायला सांगितलं: पिन, पेन, पॅन. इ म्हणताना जबडा जवळजवळ मिटलेला असतो, ए ला थोडा उतरतो, ॲ ला चांगलाच खाली येतो. तळहाताला ते कळतं. आजोबांनी कवळी सांभाळत तिन्ही शब्द म्हटले. ओवीने त्यांचा हात धरून सांगितलं, "पॅनला अजून खाली आलं पाहिजे." कानाला जो फरक पुसट वाटत होता, तो हाताला लागला.

क्रमही बदलला. पाचही स्वर एकाच आठवड्यात उरकायचे नाहीत. आधी ॲ आणि इ, कारण दोन्ही एकमेकांपासून लांब आहेत. ते पक्के झाल्यावर ऑ आणि अ, आणि ॲ आणि इ यांच्या मधे सापडणारा ए सगळ्यात शेवटी. 'जॉली फोनिक्स' या फोनिक्सच्या प्रसिद्ध अभ्यासक्रमातही ॲ आणि इ पहिल्या सहा आवाजांत आहेत, ए पुढच्या गटात येतो. चित्रांची पुस्तकं तात्पुरती कपाटात गेली. त्याऐवजी फिम, झॅब, मॉप, लग असे खरे-खोटे मिसळलेले शब्द चिठ्ठ्यांवर लिहिले. खोट्या शब्दाचा अंदाज बांधता येत नाही, तो वाचावाच लागतो. रात्रीचा सराव बंद. आता स्कूलबस यायच्या आधी, आजोबांबरोबर.

राहिला डिस्लेक्सियाचा प्रश्न. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात समाविष्ट आहे आणि तिची शाळेतली पडताळणी साधारण तिसरीत किंवा आठव्या वर्षी करायची असते. सातव्या वर्षी, तेही मराठी नीट वाचणाऱ्या मुलीच्या बाबतीत, मला घाई वाटत नाही. मराठी आणि इंग्रजी दोन्हीत अडत असेल, नियमित सरावानंतरही काल आलेलं आज पुसलं जात असेल, किंवा घरात आधी कुणाला वाचनाचा असा त्रास असेल, तर मात्र तिसरीची वाट न पाहता तज्ज्ञांकडे जावं.

ओवीचे ॲ आणि इ आता पक्के आहेत. दमली की ए अजून इ कडे झुकतो, त्याला थोडा वेळ लागेल. पुढच्या सत्रात शब्दाच्या शेवटी मुका 'ई' येईल आणि कॅपचं केप, पिनचं पाइन व्हायला लागेल. तेव्हा ती पुन्हा गोंधळेल, तेव्हा या, असं आईला सांगून ठेवलंय.