वाचकांचे प्रश्न: दोन टेबलांत एकच नाव, चालते का?

प्रश्न: भाऊ, मी दारव्ह्याकडच्या एका जिनिंगचं सॉफ्टवेअर पाहतो, पोस्टग्रेस या डेटाबेसवर आहे. आधीच्या माणसानं काट्याच्या पावतीच्या टेबलात अन् गठाणीच्या टेबलात दोन्हीकडं ‘वजन_चेक’ याच नावाची कंस्ट्रेंट, म्हणजे डेटावरची अट, टाकून ठेवली. नवीन पोरगा म्हणते हे एसक्यूएलच्या (डेटाबेसच्या भाषेच्या) स्टँडर्डमध्ये बसत नाही, सगळी नावं बदला. सीझन तोंडावर आहे, काय करू?

उत्तर: पोरगा बरोबर बोलून राह्यला. एसक्यूएल स्टँडर्डप्रमाणं कंस्ट्रेंटचं नाव पूर्ण स्कीमात, म्हणजे टेबलांच्या एका गटात, एकदाच पाह्यजे, ओरॅकल अन् एसक्यूएल सर्व्हर हे दुसरे डेटाबेस तर दुसऱ्यांदा घेतच नाहीत. पोस्टग्रेस मात्र चेक (किंमत तपासणारी अट) अन् फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोडणारी अट) यांचं नाव त्या टेबलापुरतंच वेगळं आहे का एवढंच पाहते, म्हणून तुमचं आजवर निभलं. त्रास कुठं होते, तर उद्या कोणी इन्फर्मेशन स्कीमातून, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या माहितीच्या यादीतून, चेकची यादी काढली अन् नावावरून टेबल जोडलं की एकेक नाव दोन्ही टेबलांना जुळून तुमच्या दोन ओळींच्या चार होतात, अन् मग माणूस बसते डोकं खाजवत.

म्हणून टेबलाचं नाव पुढं लावा, ‘पावती_वजन_चेक’, ‘गठाण_वजन_चेक’, झालं काम. पण त्या पोराला अर्धा परिच्छेद नावात कोंबू देऊ नका, पोस्टग्रेसमध्ये मर्यादा 63 बाइटची आहे, त्यापुढचं ते कापून टाकते अन् फक्त एक नोटीस देते, ती कोण वाचते? अन् नावं रोमन लिपीतच ठेवा बाप्पा, ‘पावती’ रोमनमध्ये 5 बाइट, देवनागरीत 15, कारण काना अन् वेलांटी पण वेगळी मोजली जाते अन् देवनागरीत एकेका खुणेला 3 बाइट लागतात.

सगळ्याच नावांच्या मागं लागायची गरज नाही. प्रायमरी की (ओळीची ओळख ठरवणारी अट) अन् एका कॉलमचा चेक यांना पोस्टग्रेस स्वतःच टेबलावरून बरं नाव देते, ते राहू द्या. पण ‘भरल्या गाडीचं वजन रिकामीपेक्षा जास्त’ असा दोन कॉलमचा चेक असला की ते नुसतं ‘पावती_चेक’ म्हणते, पुढचा ‘पावती_चेक1’. रात्री काट्यावरचा पोरगा फोनवर एरर वाचून दाखवते अन् त्यात ‘पावती_चेक1’ ऐकू येते, तवा तुम्हाला काय समजणार? तिथं ‘पावती_भरली_रिकामी_चेक’ असं हातानं लिहा. माझ्या मते स्टँडर्डपेक्षा हे जास्त कामाचं आहे.

सीझनच्या आधी बदलायला हरकत नाही. ‘रिनेम कंस्ट्रेंट’ या कमांडनं फक्त नाव बदलते, जुना डेटा पुन्हा तपासल्या जात नाही, टेबलाला लॉक लागते पण क्षणभरच, तरी काटा बंद असतानाच करा. त्याआधी कोडमध्ये जुनं नाव शोधा बरं, बरेच जण एररमधलं कंस्ट्रेंटचं नाव पाहून मराठी मेसेज दाखवतात, तसं तुमच्याकडं असलं अन् नाव बदललं तर ऑपरेटरला मराठीच्या जागी थेट इंग्रजी एरर दिसल. कोड अन् नाव एकाच दिवशी बदला.