गावाजवळच्या पवनचक्क्यांना विरोध करणारे लोक विकासाच्या आड येतात का?

तुमची अडचण अशी: हवामान बदल रोखायला पवनऊर्जा हवीच असं तुम्हाला मनापासून वाटतं, पण गावाजवळ येऊ घातलेल्या मोठ्या प्रकल्पाविरुद्ध तुमच्या ओळखीचीच माणसं उभी आहेत. पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे आणि कुणाच्या बाजूने बोलायचं हे ठरत नाही.

मी पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करतो. माझं पोट त्यावर चालतं आणि हे यंत्र मला आवडतं. तरीही विरोध करणाऱ्यांना सरसकट अडाणी किंवा विकासविरोधी म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

प्रकल्प गावात कसा शिरतो ते बघा. आधी वारा मोजायचा एक उंच खांब उभा राहतो. मग कंपनीची माणसं एकेका जमीनमालकाला वेगवेगळी गाठतात. करार होतात आणि पुष्कळदा त्यात गुप्ततेची अट असते. गावासमोर नकाशा येतो तेव्हा जागा जवळपास ठरलेल्या असतात. शेजाऱ्याच्या रानात पवनचक्की उभी राहणार, त्याला दरवर्षी भाडं मिळणार. बांधाच्या अलीकडच्याला आवाज तोच, सावली तीच, हातात मात्र काहीच नाही. भांडणाला तिथे तोंड फुटतं. नेदरलँड्समध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसलं, की पवनचक्कीतून ज्यांना पैसे मिळत होते त्यांना तिच्या आवाजाचा त्रास क्वचितच वाटत होता, आणि तेही इतरांपेक्षा जास्त आवाजात राहत असताना. याचा अर्थ बाकीचे नाटक करतात असा काढू नका. जे आपल्या हातात नाही आणि ज्यात आपला वाटाही नाही, त्याचा आवाज माणसाला जास्त टोचतो.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सुनावणीत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. कंपनीचा माणूस सांगेल, ‘पाचशे मीटरवर चाळीसेक डेसिबल, घरातल्या फ्रिजएवढा.’ आकडा बरोबर असू शकतो. पण फ्रिजचा आवाज एकसारखा असतो. पवनचक्कीचा आवाज पातं खाली येताना चढतो, मग उतरतो, लगेच दुसरं पातं येतं. हूश्श, हूश्श, सेकंदाला साधारण एकदा. आणि रात्री एक वेगळीच गोष्ट घडते. सूर्य मावळल्यावर जमीन थंड होते, खालचा वारा पडतो, झाडाचं पानही हलत नाही. वर शंभर मीटरवर मात्र वारा जोरात असतो आणि पाती जोमाने फिरत असतात. दिवसा वाऱ्याच्या सळसळीत बुडणारा तो आवाज तेव्हा उघडा पडतो. रात्रपाळीत टॉवरखालून चालत लांब गेलो, तरी कितीतरी वेळ तो पाठ सोडत नाही. म्हणून दिवसाच्या मोजणीवर समाधान मानू नका.

विरोधकांच्या बाजूनेही काही दावे अंगलट येतात. पवनचक्कीमुळे अमुक रोग होतो, असं ठामपणे सांगितलं की समोरचा लगेच कॅनडाच्या आरोग्य खात्याचा 2014 चा अभ्यास काढतो. 1,238 जणांच्या त्या पाहणीत आवाजाचा संबंध झोपमोड किंवा आजारांशी जुळला नव्हता. पण आवाज वाढला तशी लोकांची चिडचिड मात्र वाढत गेली होती. तेवढंच म्हणा, पुरेसं आहे.

‘हवामानासाठी थोडा त्याग करा’ असं कुणी ऐकवलं तर त्यांना नॉर्वेतलं फोसेन सांगा. तिथले मूळनिवासी सामी लोक ज्या माळांवर हिवाळ्यात रेनडिअर चारतात, तिथे 151 पवनचक्क्या उभारल्या गेल्या. ऑक्टोबर 2021 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते परवाने बेकायदा ठरवले, कारण सामींच्या संस्कृतीच्या हक्कावर गदा आली होती. पाती फिरतच राहिली. 2023 मध्ये सामी तरुणांनी ओस्लोत मंत्रालयांची दारं अडवली तेव्हा त्यांच्यात ग्रेटा थुनबर्गही होती. हवामानासाठी शाळा सोडून रस्त्यावर बसलेली मुलगी पवनचक्क्यांविरुद्ध बसली, ते हवामानाचा प्रश्न विसरून नव्हे. केनियात तुर्काना सरोवराजवळच्या 365 पवनचक्क्यांच्या प्रकल्पाची जमीनही नियमबाह्य रीतीने घेतल्याचं तिथल्या न्यायालयाने 2021 मध्येच म्हटलं होतं.

उलट उदाहरण कोपनहेगनच्या किनाऱ्यालगतचं, समुद्रातल्या मिडलग्रुंडनचं. आधीचा आराखडा तीन रांगांत 27 पवनचक्क्यांचा होता. लोकांनी हरकती घेतल्यावर तो बदलला आणि 2000 साली एका कमानीत 20 उभ्या राहिल्या. त्यातल्या निम्म्या सहकारी संस्थेच्या, आठ हजारांहून अधिक सभासदांच्या. आकडा आणि रचना दोन्ही बदलता येत होत्या, कारण तेव्हा काहीच पक्कं झालं नव्हतं.

पक्ष्यांचं नुकसान हीसुद्धा कल्पना नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा अभ्यास 2018 मध्ये आला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट होते. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी घटल्याने सरडे वाढले होते.

म्हणून सुनावणीत ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायची घाई नको. प्रत्येक पवनचक्कीची जागा आणि सर्वात जवळच्या घरापासूनचं अंतर नकाशावर मागा. वारा पडलेल्या रात्रीचा आवाज कोण मोजणार आणि मर्यादा ओलांडली तर यंत्र थांबवणार का, हे विचारा. थांबवता येतं, ते काम मीच करतो. घरावर पडणाऱ्या फिरत्या सावलीचंही तसंच. जर्मनीत वर्षाला 30 तास आणि दिवसाला 30 मिनिटं ही मर्यादा वापरतात, त्यापुढे यंत्र आपोआप बंद करता येतं. वीस-पंचवीस वर्षांनी टॉवर उतरवायचे पैसे आजच वेगळे ठेवणार का, आणि भाडं न मिळणाऱ्या शेजाऱ्यांचा वाटा किती, हेही विचारा. डेन्मार्कने 2009 पासून लागू झालेल्या कायद्याने साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना मालकीतला किमान 20 टक्के हिस्सा विकत घ्यायला देऊ करायला कंपन्यांना लावलं होतं. नियम पुढे बदलले, पण मागणी आकाशातून पडलेली नाही एवढं त्यातून दाखवता येतं. सगळी उत्तरं लेखी घ्या. लेखी द्यायला कंपनी तयार असेल तर मी तुमच्या जागी प्रकल्पाच्या बाजूने बोलेन, नसेल तर तुमच्या ओळखीच्या माणसांशेजारी जाऊन बसेन.