वटवाघळांच्या क्षेत्रीय सर्वेक्षणांचे व्यवस्थापन करणाऱ्या जीवशास्त्रज्ञाचे काम प्रत्यक्षात कसे असते?

हे काम करणाऱ्याच्या रात्री वटवाघळे पकडण्यातच जातात का, आणि प्राणिशास्त्राच्या पदवीनंतर या क्षेत्रात यावे का, असे आपण विचारले आहे. अशी सर्वेक्षणे आखणे, त्यांसाठी पथके पाठवणे आणि शेवटी अहवालावर सही करणे हेच माझे काम असल्याने अनुभवावरून उत्तर देतो.

पकडण्याचे काम असते, पण फार थोडे. आवाजावरून जाती वेगळ्या करता येत नसतील, किंवा माद्या पिलांना दूध पाजत आहेत का हे पाहायचे असेल, तेव्हाच बारीक धाग्याची जाळी लावतो. हातात आलेल्या वटवाघळाच्या अग्रबाहूची, म्हणजे कोपर ते मनगट या भागाची, लांबी मोजतात. त्याचा पंख उजेडापुढे धरला की कोवळ्या पिलाच्या बोटांच्या सांध्यांत कूर्चेची फिकट पट्टी दिसते, प्रौढात ती दिसत नाही. रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेली नसेल, तर मी कोणालाही वटवाघूळ हाताळू देत नाही. गुहेत जाण्यापूर्वी बूट आणि दोरही निर्जंतुक करावे लागतात. २००६ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत प्रथम नोंदवल्या गेलेल्या श्वेतनासिका रोगाने पुढे उत्तर अमेरिकेतील लाखो वटवाघळे मारली, आणि त्या रोगाची बुरशी माणसांच्या कपड्यांवरून व साहित्यावरूनही एका गुहेतून दुसरीकडे जाऊ शकते.

खरा भार ध्वनिमुद्रणावर असतो. कीटकभक्षी वटवाघळांचे बहुतेक आवाज २० किलोहर्ट्झच्या वर, म्हणजे आपल्या श्रवणमर्यादेपलीकडे असतात; ते टिपणारी यंत्रे रात्रभर चालू ठेवतात आणि नंतर मुद्रण दहापट संथ करून ऐकतात. येथेच नवखा अभ्यासक फसतो. मोकळ्या आकाशात उडणाऱ्या जातींचे मोठे, खालच्या पट्टीतले आवाज यंत्राला बऱ्याच अंतरावरून मिळतात, तर नाकावर नालाच्या आकाराची पाळ असलेल्या वटवाघळांचा उच्च कंप्रतेचा आवाज हवेतच लवकर शोषला जात असल्याने ती यंत्राच्या अगदी जवळून गेली तरच नोंदली जातात. म्हणून एका जातीच्या ३०० आणि दुसऱ्या जातीच्या ३ नोंदी मिळाल्या, तर पहिली शंभरपट आहे असे लिहिता येत नाही. शिवाय एकच वटवाघूळ दिव्याभोवती घिरट्या घालत ५० नोंदी देऊन जाते. नोंदींचा आकडा हा प्राण्यांचा आकडा नव्हे, हे प्रत्येक मसुद्यात मला पुन्हा लिहावे लागते.

त्याहून अवघड नोंद म्हणजे ‘आढळले नाही’. एकदा पावसानंतर एका ठिकाणच्या यंत्रात सलग सात रात्री काहीच नोंदले गेले नाही आणि तेथे वटवाघळांचा वावर नाही, असे मी मसुद्यात लिहूनही टाकले. एका सहकाऱ्याने सहज विचारले, की मग रातकिड्यांसारख्या कीटकांचे आवाज तरी कुठे आहेत? त्यांपैकी अनेकांच्या आवाजाचा काही भाग त्याच उच्च पट्टीत येतो, आणि तोही मुद्रणात नव्हता. ध्वनिग्राहक भिजून बहिरा झाला होता. त्या सात रात्री रद्द करून काम पुन्हा करावे लागले, खर्च वाढला आणि माझी चूक मला लेखी कळवावी लागली. तेव्हापासून यंत्र लावताना आणि काढताना त्याच्यासमोर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवायचा, असा आमचा नियम आहे. किल्ल्यांच्या आवाजात श्रवणातीत ध्वनी असतो आणि यंत्र शाबूत असेल तर तो उमटतोच.

हा काटेकोरपणा केवळ शास्त्रशुद्धतेच्या हौसेपोटी नाही. पवनचक्क्यांच्या पात्यांमुळे वटवाघळे मुख्यतः मंद वाऱ्याच्या रात्री मरतात, त्यामुळे पवनचक्क्यांच्या प्रकल्पाच्या जागी थंड आणि वादळी रात्री केलेले सर्वेक्षण निरर्थक असूनही कागदावर निर्धोक दिसते. बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देत असल्याने असे झालेले नुकसान भरून यायला फार काळ जातो. मुदत जवळ आली असताना ‘हवामान योग्य नव्हते, ही रात्र मोजता येणार नाही’ असे प्रकल्पाच्या मालकाला सांगणे, हा या पदाचा सर्वांत अप्रिय भाग आहे, आणि तो कोणत्याही पदवीत शिकवत नाहीत.

या क्षेत्रात यावे का, याचे उत्तर एका संध्याकाळच्या मोजणीतून आपणच काढू शकाल. एखाद्या अनुभवी पथकाबरोबर सूर्यास्तापूर्वी १५ मिनिटे वसतिस्थानाच्या बाहेर बसा, बाहेर पडणारी आणि पुन्हा आत शिरणारी वटवाघळे वेगवेगळी मोजा, आणि शेजारच्या निरीक्षकाला स्वतःचा आकडा न सांगता लिहून ठेवा. काम संपल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवा. आकड्यांत तफावत असेल आणि ती का पडली हे शोधत मध्यरात्रीपर्यंत थांबावेसे वाटले, तर अवश्य या.